हसायला काय झालं होतं?

दिली शहर,
१२ ऑक्टोबर

प्रिय झुल्मिरावहिनी,

पुडी मिळाली. ड्रायव्हरने आणून टेबलावर ठेवली तेव्हा मला वाटलं, वहिनीने सुपारी पाठवली. बांधली तशीच होतीस, वरून केळीच्या सोपाची दोरी, दोन गाठी मारून. सोडली तर आतून वेनान्सियोदादाचं पदक निघालं, त्याच्यामागे सरकारने तुझ्या हातात दिलेलं. आणि पदक ज्या कागदात होतं ते वर्तमानपत्राचं पहिलं पान. त्यावर मी आणि तो म्हातारा जनरल, दोघं एकमेकांचे हात धरून पोट दुखेस्तोवर हसतोय. फोटोच्या कडेला तुझ्या हातची एकच ओळ, पेन्सिलीने: ‘हसायला काय झालं होतं रे तुला?’ ना वर माझं नाव, ना खाली तुझं.

सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत हाच प्रश्न मला संसदेत विचारला, बाजारात विचारला, आमच्या जुन्या लोकांनी मंत्रालयाच्या फाटकापाशी उभं राहून विचारला. कुणाला उत्तर दिलं नाही. तुला देणार आहे, पण एका दमात ते मला जमायचं नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. डोंगरातसुद्धा मी नदीला आधी वळसा घालायचो आणि मग उतार शोधायचो. दादा चिडायचा, म्हणायचा, “आनिन म्हणजे वारा ना? मग सरळ वाहा की!”

हे नाव मी घेतलं तेव्हा तू काय म्हणाली होतीस ते मी विसरलेलो नाही. मी सतरा वर्षांचा होतो, गावाहून पळून आलो होतो आणि तुमच्या झोपडीच्या दारात काखेत एक जुनी बंदूक घेऊन उभा होतो. गोळ्या नव्हत्याच. दादा तेव्हा शाळेत मास्तर होता, पण डोंगरात कुणाला पाठवायचं ते तोच ठरवायचा. त्याने विचारलं, “लढाईतलं नाव काय घेणार?” मी छाती काढून सांगितलं, “आनिन.” तू चुलीपाशी मका सोलत होतीस. मान वरही न करता म्हणालीस, “वारा कसला, ओल्या लाकडाचा धूर वाटतोस. जा, आधी अंघोळ करून ये.” त्या दिवसापासून मी तुमच्या घरचा झालो. आईबापांनी ठेवलेलं ज्युवेंसियो हे नाव आता फक्त सरकारी कागदावर उरलंय.

त्या वर्षांची मला फार आठवण येते, वहिनी. हे बोलायची लाज वाटते, कारण किती माणसं गेली. पण खरं तेच आहे. पाऊस लागला की आम्ही मातेबियान डोंगराच्या कपारीत अंग चोरून बसायचो आणि तू खालून पाठवलेल्या उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचे तुकडे दाताखाली धरून ठेवायचो, गिळवत नसायचे, संपतील म्हणून. तुझ्या चिठ्ठ्या पपईच्या पोटातून यायच्या. वर शत्रूच्या हालचाली आणि खाली दादासाठी दोन ओळी. त्या दोन ओळी तो लपवायचा आणि आम्ही सगळे त्याला छळायचो. आमच्यातला लोपिटो तर म्हणायचा, “मास्तर, वहिनी काय म्हणतेय? युद्ध संपवून ये म्हणतेय का, की न संपवताच ये म्हणतेय?” लोपिटो पुढच्याच वर्षी गेला. आता त्याचं हसणं ज्यांनी ऐकलंय अशी आपण दोघंच उरलो असू.

दादा माझा उपप्रमुख होता, पण दळाचा खरा धनी तोच. मी दळाचा प्रमुख झालो कारण मला भीती कमी वाटायची. त्याला भीती वाटायची, आणि म्हणून तो विचार करायचा. मी चौथीपर्यंत शिकलेला. नकाशा वाचायला, पत्र लिहायला, माणसांसमोर उभं राहून बोलायला त्यानेच शिकवलं. पुढे मंत्री झालो तेव्हा संसदेत एका तरुण सदस्याने अगदी गोड आवाजात विचारलं, “मंत्रिमहोदय, आपलं शिक्षण?” मी म्हणालो, “मातेबियान विद्यापीठ, चोवीस वर्षं. उशीर लागला, पण पास होऊनच उतरलो.” सगळी संसद हसली. घरी आल्यावर मात्र वाटलं, हे उत्तर माझं नव्हेच. दादा असता तर असंच बोलला असता.

डोंगरातून खाली उतरलो तो दिवस तुला आठवत असेल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, बायकांनी गळ्यात ताईसची विणलेली वस्त्रं घातली, एक म्हातारी माझे पाय चाचपून बघत होती, खरे आहेत का म्हणून. तू गर्दीत मागे उभी होतीस. माझ्या मागून येणाऱ्या रांगेतलं एकेक तोंड शेवटच्या माणसापर्यंत बघितलंस. दादा येणार नाही हे तुला आठ वर्षांपासून माहीत होतं, तरी बघितलंस. मग पुढे आलीस, माझ्या दाढीला हात लावून म्हणालीस, “केवढा वाळलास,” आणि निघून गेलीस.

मग सैन्य उभं राहिलं. पोरापोरींना रांगेत उभं करायचं, त्यांच्या मापाचे बूट शोधायचे, पूर्वी रात्रीतून डोंगर ओलांडणाऱ्या माणसांना रजेचा अर्ज लिहायला शिकवायचं. ते जमलं. मग एक दिवस पंतप्रधानांनी बोलावून सांगितलं, संरक्षण खातं तुमच्याकडे. पहिल्या दिवशी माझ्या खोलीत इतकी थंडी केली होती की मी खिडक्या उघडल्या. चिटणीस बाई धावत आल्या, “साहेब, मशीन बिघडेल!” मी म्हणालो, “बाई, नाहीतर मी बिघडेन.” खुर्ची अशी मऊ की पाठीला कळेना कुठे टेकायचं. दुपारी दार लावून मी फरशीवर आडवा व्हायचो. सूट शिवला तेव्हा शिंपी म्हणाला, “साहेब, एक खांदा खाली आहे.” चोवीस वर्षं त्याच खांद्यावर बंदूक होती. त्याने बिचाऱ्याने आत कापूस भरून दोन्ही खांदे सारखे केले. तेव्हापासून मी देशाला सरळ दिसतो.

सहा वर्षांत चांगलं काही केलं का? थोडं केलं. किनाऱ्यावर गस्तीच्या होड्या आल्या. विधवांच्या मुलांना सैन्यात जागा मिळाल्या. पण जुनी माणसं भेटायला यायची आणि मी बैठकीत असायचो. तू आली होतीस एकदा. डोक्यावर टोपलीत मक्याची कणसं घेऊन बाउकाउहून बसने आलीस आणि फाटकावरच्या पोरांनी तुला ओळखपत्र मागितलं. तू म्हणालीस, “तुमच्या मंत्र्याला विचारा मी कोण ते.” ती पोरं हसली. तासभर उन्हात उभी राहिलीस, मग टोपली तिथेच ठेवून परत गेलीस. मला संध्याकाळी कळलं. मी ती कणसं घरी नेऊन भाजली आणि एकही खाता आलं नाही. माफी मागायला यायला हवं होतं. आलो नाही. कामं होती हे खरं, पण तुझ्यासमोर उभं राहायला मी त्याआधीपासूनच घाबरत होतो. ते का, हे तुला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे आणि आपण सत्तावीस वर्षं ते बोललो नाही.

आज बोलतो. दादा गेला त्या ऑगस्टमध्ये तुझी चिठ्ठी आली. पपईत नव्हती, घाईने पानाच्या विड्यात खुपसून पाठवली होतीस. वर शत्रूची खबर नव्हती. फक्त दादासाठी: ‘ओलांडिनाला ताप आहे, उतरत नाही. तुझं नाव घेते. एकदा येऊन जा.’ दादाने ती मला दाखवली. तोंडाने काही मागितलं नाही. मीच म्हणालो, “जा, पोरीला बघून ये. परवा पहाटे ये परत.” तो वाइलोरो नदीच्या उताराने गेला, कारण मी त्याला तीच वाट सांगितली, मी नेहमी तीच वापरायचो. पोरीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. ती आज बाउकाउच्या दवाखान्यात नर्स आहे आणि मला भेटली की अजून काका म्हणून गालाचा पापा घेते. दादा मात्र घरीही पोचला नाही आणि परतही आला नाही. नदीवर गोळ्या ऐकू आल्या एवढंच कळलं.

त्यानंतर तू खबरी पाठवत राहिलीस, एकही चुकवली नाहीस. पण चिठ्ठी परत कधी लिहिली नाहीस. जे असेल ते तोंडी सांगून पाठवायचीस. आमच्या माणसांनी विचारलं, वहिनी लिहीत का नाही, तर मी सांगितलं, सापडण्याची भीती असते. मला खरं कारण माहीत होतं. आणि मी एक शब्द तुला कळवला नाही, कारण कळवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. ‘तुझा दोष नाही’ असं सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, ‘मग कुणाचा?’

आणि मग ती हाडं. स्वातंत्र्यानंतर पाचव्या वर्षी एक माणूस आला, म्हणाला, मास्तरला कुठे पुरलंय ते मी बघितलंय. गाव जमलं, रेडा कापला, ताईस पसरलं, पाद्री आला. हाडं वर काढली आणि तू गुडघ्यावर बसून जबडा हातात घेतलास. सगळे रडत होते. तू शांतपणे म्हणालीस, “हा माझा नवरा नाही. याचे दात सरळ आहेत.” मग त्या अनोळखी माणसाला तू तुझ्याच ताईसमध्ये गुंडाळून मातीत परत ठेवलंस, त्याच्यासाठीही प्रार्थना म्हणायला लावलीस. त्या दिवशी मी ठरवलं, पुन्हा वहिनीला अर्धवट काही सांगायचं नाही. तेव्हापासून दरवर्षी मृतांच्या दिवशी सगळी गावं आपापल्या कबरींवर फुलं घेऊन जातात आणि तू स्मशानातल्या मोठ्या क्रुसाच्या पायाशी, ज्यांना कबर नाही त्यांच्यात मेणबत्ती लावतेस.

आता त्या फोटोकडे येतो. समुद्रापलीकडे, एकेकाळच्या शत्रूच्या राजधानीत मी सरकारी भेटीवर गेलो होतो. त्यांच्या सैनिकांच्या दफनभूमीत फुलं वाहायची होती. वाहिली. ज्यांच्यावर मी गोळ्या झाडल्या त्यातले काही तिथे असतील, कोवळी पोरं होती ती. मग चहा होता. तिथे काठी टेकत एक म्हातारा आला. सुतिक्नो त्याचं नाव, निवृत्त जनरल. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “मी लढाईच्या वर्षांत वाइलोरोच्या ठाण्यावर मेजर होतो. तुमचा एक मास्तर माझ्याकडे होता. दोन दिवस.” वहिनी, मी बशी खाली ठेवली. मी म्हणालो, “कशावरून मास्तर?” असे दावे मी पुष्कळ ऐकलेत. तो म्हणाला, “त्याच्या पोटात गोळी होती. डॉक्टर यायला उशीर होता. मी त्याची जबानी लिहिली, तो कुणाचंच नाव सांगेना, तर ‘काही माहीत नाही’ एवढंच दीड पान लिहिलं. सही कर म्हणालो. तो म्हणाला, आधी वाचू दे. मग म्हणाला, पेन्सिल आण. आणि पडल्या पडल्या त्याने माझ्या चुका काढल्या. आमच्याच भाषेतल्या! खाली दहापैकी चार मार्क दिले, मग सही केली. म्हणाला, अशुद्ध कागदावर मी सही करत नाही.”

मग तो म्हातारा म्हणाला, “साहेब, मी पुढे जनरल झालो, पण ते चार मार्क काही सुधारले नाहीत.” आणि मला हसू फुटलं. आवरेना. आणखी कोण असणार, वहिनी? माझ्या हल्ल्याच्या हुकमावर लाल रेघा मारून परत पाठवणारा, ‘आधी ऱ्हस्व-दीर्घ बघ, मग गोळ्या झाड’ म्हणणारा, या पृथ्वीवर एकच माणूस होता. सत्तावीस वर्षांनी तो माझ्यासमोर आला, जखमी, आडवा पडलेला, आणि तसाच हट्टी. मी म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले, तोही हसायला लागला, आणि कुणीतरी फोटो काढला. पुढच्या पाच मिनिटांत मी हात धुवायच्या खोलीत नळ सोडून रडत होतो. त्याचा फोटो कुणाकडे नाही.

हसायला काय झालं होतं, ते हे.

तू म्हणशील, मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस? ते सरळ दात माझ्या डोळ्यांपुढे होते म्हणून. आधी मला स्वतः खात्री करायची होती. दादा दुसऱ्या दिवशी गेला तेव्हा त्याला जिथे पुरलं, त्या जागेचा नकाशा सुतिक्नोने कागदावर काढून दिला: खोबऱ्याचं जुनं गोदाम, मागे विहीर, विहिरीपासून डोंगराच्या बाजूला सात पावलं. इकडे फाटकापाशी माझ्या नावाने घोषणा चालू होत्या. पंतप्रधान म्हणाले, “काहीतरी खुलासा करा, नाहीतर मला तुम्हाला वाचवता येणार नाही.” खुलासा खिशात होता. पण तुला कळण्याआधी तो संसदेत वाचून दाखवायचा आणि दादाला माझ्यापुढे ढालीसारखा धरायचा, हे माझ्याच्याने झालं नाही. गेल्या सोमवारी राजीनामा दिला. सूट चिटणीस बाईंच्या नवऱ्याला देऊन टाकला, त्याला खांद्यात जरा ढिला होतो.

बुधवारी मी एकटा वाइलोरोला गेलो. गोदामाच्या नुसत्या भिंती उरल्यात, विहीर आहे. आता तिथे बिबियाना नावाच्या बाईची पपईची बाग आहे. तिने मला ओळखलं, म्हणाली, “तुम्हीच ना ते हसणारे मंत्री? आमच्या नळाचं तेवढं बघा.” म्हणालो, “बाई, आता मंत्री नाही.” म्हणाली, “मग काय उपयोग, या, कॉफी घ्या.” मी पावलं मोजली. सातव्या पावलाला पपई नव्हती. झेंडू होता, एक लांबट वाफा, आणि कडेला वितळून काळं पडलेलं मेण. मी विचारलं हे काय. ती म्हणाली, “सासरे सांगून गेलेत, इथे कुदळ लावायची नाही, खाली कुणीतरी आहे. कोण ते माहीत नाही. पण मृतांच्या दिवशी आमच्या माणसांबरोबर त्याचीही एक मेणबत्ती लावतो.” सत्तावीस वर्षं, वहिनी. तू क्रुसापाशी लावत होतीस आणि इथे त्याच दिवशी त्याच्या उशाला कुणीतरी लावतच होतं. मी मातीला हात लावला नाही. तो पहिला हक्क तुझा आणि ओलांडिनाचा. जबडा तूच बघशील. तू हो म्हणालीस तरच दादाला घरी न्यायचं.

पण हे सांगायला ओलांडिनाकरवी निरोप पाठवला असता तरी चाललं असतं. मी चौथीपास माणूस हाताने इतकं लिहीत बसलोय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. निघताना मी सुतिक्नोला शेवटचं एक विचारलं: त्या दिवशी तुम्ही उतारावर कसे? तो म्हणाला, “आम्ही पाच दिवसांपासून तिथे दबा धरून होतो. खबर होती की कमांडर आनिन याच वाटेने ये-जा करतो. आम्ही तुमची वाट बघत होतो.” पाच दिवस, वहिनी. तुझी चिठ्ठी आम्हाला मिळाली ती आदल्या संध्याकाळी. ओलांडिनाला ताप यायच्याही आधी ते तिथे बसले होते. त्या वाटेवर माझ्यासाठी गोळी होती आणि त्या वाटेने मी त्याला पाठवलं. तुझ्या दोन ओळींनी त्याला मारलं नाही. तू मनाशी काय धरून बसली आहेस ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. आता आहे. तू म्हणशील, हा मंत्री होता, समजूत काढायला खोटं बोलायची याला सवय. म्हणून मी त्या म्हाताऱ्याला बोलावलंय. येत्या शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन तुझ्या दारात येईन, तुला आणि ओलांडिनाला न्यायला. सुतिक्नो त्याच्या मुलीबरोबर बिबियानाच्या कुंपणाबाहेर बसलेला असेल. मी त्याला स्पष्ट सांगितलंय, “तुम्हाला आत यायला मी सांगणार नाही. मास्तरची बायको सांगेल. तिने नाही सांगितलं, तर तिथूनच परत जा.” तो म्हणाला, “चालेल, मी बसेन.” तू त्याला हवं ते विचार. आणि त्यानंतर माझ्याशी बोलायचं की नाही, तेही शनिवारीच ठरव.

तुझाच,
आनिन